ठाण्यात मुलाचा बार मित्झवा : तारीख, जेवण, मलिदा आणि पार्टीची आखणी

टेंभीनाका

नमस्कार मंडळी. आमच्या धाकट्याला यंदा तेरावं वर्ष पूर्ण होतंय, म्हणजे यहुदी रीतीप्रमाणे मुलगा धर्माने वयात येतो तो बार मित्झवा करायचाय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, ठाण्याचेच. प्रार्थना आमच्या शआर हशामाईम सिनेगॉगमध्येच होणार, त्याबद्दल घरात दुमत नाही. त्याच्या पणजोबांचा बार मित्झवाही त्याच तेव्यावर, म्हणजे तिथल्या वाचनाच्या चौथऱ्यावर, झाला होता. प्रश्न आहे तो पुढच्या सगळ्याचा.

मुलाचा जन्म 24 नोव्हेंबर 2013 चा. म्हणून 28 नोव्हेंबर 2026 चा शनिवार मनात धरलाय. सकाळी सिनेगॉगमध्ये अलिया, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाला बोलावणं, आणि रात्री हॉलवर पार्टी. हॉल पाहून ठेवलाय, अजून टोकन दिलेलं नाही. माणसं दीडशेच्या घरात जातील. त्यात आमची माणसं निम्मी असतील. बाकी सोसायटीतले शेजारी, यांच्या ऑफिसचे लोक आणि मुलाचे शाळेतले मित्र. इस्राएलहून नणंदेचं कुटुंब येणार आहे.

सासूबाई म्हणतात, मुंजीसारखा थाट हवा, एकदाच होतं. मुलाला डीजे हवाय. यांचं म्हणणं, जेवण कोशेर, म्हणजे धर्माच्या नियमांतलं, नसेल तर पार्टीच नको. मला मलिदा, म्हणजे आपला गोड पोह्यांच्या ताटाचा आभाराचा विधी, हवाच आहे, पण तो कधी आणि कुठे बसवायचा ते कळत नाही. ज्यांनी गेल्या काही वर्षांत केलंय त्यांनी सविस्तर लिहा. छोट्या गोष्टीही चालतील, त्याच ऐनवेळी अडवतात.

रेवदंडा_आळी

ताई, मनापासून अभिनंदन. हॉलला टोकन द्यायच्या आधी एक सांगा : बाळ किती वाजता जन्मलं? आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो. दुपारी जन्मला असेल तर एक तिथी, संध्याकाळी सातला जन्मला असेल तर दुसरी.

टेंभीनाका

काका, रात्री साडेआठला. सिव्हिल हॉस्पिटलच्या समोरच्याच नर्सिंग होममध्ये.

रेवदंडा_आळी

म्हणजे त्याची तिथी किस्लेव या हिब्रू महिन्याची 22. हिब्रू साल 5774. येत्या वर्षी, म्हणजे 5787 मध्ये, किस्लेवची 22 येते 2 डिसेंबर 2026 ला, बुधवारी. 28 नोव्हेंबरला तो हिब्रू हिशोबाने बाराच वर्षांचा असेल. त्या दिवशी त्याला तोरावर बोलावून बार मित्झवा म्हणता येणार नाही. तो अजून मिन्यानमध्ये, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत, धरलाही जाणार नाही.

तेव्हा तारीख एक आठवडा पुढे न्या, 5 डिसेंबरचा शनिवार. हझानकडून, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याकडून, एकदा पक्कं करून घ्या, पण हिशोब हाच निघेल.

आणि ही तारीख फार सुंदर आहे. त्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वायेशेव ही पराशा, म्हणजे आठवड्याचं तोरावाचन, आहे, योसेफाची गोष्ट सुरू होते ती. शिवाय तोच हन्नुका या दिव्यांच्या सणाचा पहिला दिवस. त्यामुळे हेखालातून, म्हणजे तोराच्या कपाटातून, दोन सेफर तोरा, तोराच्या गुंडाळ्या, काढल्या जातील. सात अलिया पहिल्यातून, आणि मफ्तीर, म्हणजे शेवटचं वाचन, दुसऱ्यातून, गणना या ग्रंथाच्या 7 व्या अध्यायातला. हफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा, तोही बदलतो. एरवी वायेशेवला आमोस असतो, हन्नुकाच्या शब्बाथला जखऱ्या. हे आत्ताच सांगतोय, कारण पोरगा कुठल्यातरी पुस्तकातून आमोस पाठ करत बसेल आणि चार महिन्यांची मेहनत वाया जाईल. काय शिकायचं ते हझानला विचारूनच सुरुवात करा.

टेंभीनाका

काका, तुमचे उपकार कसे मानू? आज संध्याकाळीच हझानांना गाठते. हॉल 5 तारखेलाही मोकळा आहे, आत्ताच फोन केला.

भायखळा_पूर्व

माझ्या मोठ्याचा दोन वर्षांपूर्वी झाला, आग्रीपाड्याला मागेन हसीदीममध्ये. तारीख ठरली की पुढचा प्रश्न शनिवारच्या रात्रीचा. शब्बाथ संपल्याशिवाय केटररचं सामान हलवायचं नाही, गॅस पेटवायचा नाही, फोटोवालाही बोलवायचा नाही. डिसेंबरात बरं असतं, ठाण्याला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, सातच्या आत हव्दाला, म्हणजे शब्बाथ संपवायची प्रार्थना, होते. हेच जूनमध्ये असतं तर आठ वाजले असते. आणि रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, म्हणजे हातात दोनच तास. तुमचं नशीब चांगलं, पोरगा हिवाळ्यातला आहे.

डीजेबद्दल सासूबाईंना समजवा. तेरा वर्षांच्या पोरांना त्यांच्या मित्रांसमोर नाचायचं असतं, त्यात वावगं काही नाही. प्रार्थना नीट झाली की रात्री पोरांचा हक्क.

अशदोदकर

सर्वांना शालोम. मी मूळचा पेणचा, आता अशदोदला. इकडे आमच्या पोरांचे बार मित्झवा बहुतेक सोमवारी किंवा गुरुवारी होतात, कारण त्या दिवशी तोरा वाचतात आणि तेफिलीनही, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी दंडावर आणि कपाळावर बांधायच्या चामडी डब्या, बांधता येतं. जेरुसलेमच्या कोतेलवरही, म्हणजे पश्चिम भिंतीपाशीही, म्हणूनच त्या दोन दिवशी एवढी गर्दी असते. ढोल वाजवत पोरांना घेऊन येतात.

शब्बाथला तेफिलीन बांधत नाहीत. मग मुलाने पहिल्यांदा तेफिलीन बांधताना आजी-आजोबांनी पाहायचं कधी? ताई, तुम्हाला गुरुवार 3 डिसेंबर मिळतोय, तोपर्यंत तेरा पूर्ण झालेली असतील. दोन्ही दिवस करा. गुरुवारी सकाळी तेफिलीन आणि छोटी अलिया, शनिवारी मफ्तीर आणि हफ्तारा.

गुरुवारी येणाऱ्या पराशाचाच पहिला तुकडा वाचतात, तीन अलिया. वायेशेवचा तो तुकडा म्हणजे उत्पत्ती 37 ची पहिली अकरा वचनं. योसेफाला पडलेली दोन स्वप्नं, पेंढ्यांचं आणि सूर्य-चंद्र-ताऱ्यांचं. आकाराने लहान आहे, मुलगा मन लावून शिकला तर स्वतः सेफरमधून वाचू शकेल. फोटो हवे तेवढे गुरुवारी काढा. आमच्याकडे अल्बममधले सगळे फोटो गुरुवारचेच आहेत.

पनवेलची_लेक

गुरुवारला माझं शंभर टक्के अनुमोदन. शिवाय गुरुवारचा नाश्ता सोपा जातो. आपल्यात मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून मांसाहार ठेवूच नका, मग दूध-लोण्याची चिंता नाही. कांदेपोहे, इडली, शिरा, चहा. सिनेगॉगच्या आवारातच उरकतं. ज्यांना शनिवारी यायला जमणार नाही ते गुरुवारी येतात, म्हणजे रात्रीची माणसंही थोडी कमी होतात.

आता जेवणाबद्दल लिहिते, कारण मी ते दोनदा निभावलंय. एकदा मुलाच्या वेळी, एकदा पुतण्याच्या.

शनिवारी रात्री चिकन ठेवायचं असेल तर हझान किंवा शोहेतकडून, म्हणजे धर्माच्या रीतीने कापणाऱ्याकडून, कापून घ्यावं लागेल, आणि दीडशे माणसांचं चिकन आदल्या गुरुवार-शुक्रवारीच लागेल. मग अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात निथळत, आणि तीनदा धुणं. एवढं चिकन घरच्या मोरीत होत नाही. आम्ही सोसायटीच्या गच्चीवर मोठ्या जाळीच्या पाट्या तिरक्या लावल्या होत्या आणि घरातल्या सगळ्या बायका-पुरुषांनी मिळून ते केलं. त्या दिवशीची मजा पार्टीत नव्हती!

केटरर आपला नसेल तर त्याच्याशी बोलताना "दूध घालू नका" एवढं सांगून भागत नाही. पुतण्याच्या वेळी एका केटररने सगळं मान्य केलं. दुपारी मी सहज बघायला गेले तर बिर्याणीच्या मुरवणाशेजारी दह्याचा डबा उघडा. त्याच्या लेखी दही म्हणजे दूध नव्हतं. ते सगळं चिकन बाजूला काढावं लागलं आणि रात्री पाहुण्यांनी भाजीची बिर्याणी खाल्ली. तेव्हा एकेक वस्तू नाव घेऊन सांगा : दही नाही, तूप नाही, लोणी नाही, साय नाही, खवा नाही, दुधाची पावडर नाही. तळण तेलात. रोटीला वरून लोणी नाही. शेवटी आइस्क्रीम नाही.

त्याऐवजी आपलं नारळाचं दूध आहे. हिरव्या वाटणाचं चिकन करा. कोथिंबीर, मिरची, आलं-लसूण, आणि शेवटी नारळाचं दाट दूध. सोबत तांदळाची सांदणं किंवा पुऱ्या. गोडाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. आमच्याकडे नव्याच्या सणाला करतात, पण बार मित्झवाला कोण अडवतंय? शेजारच्या काकू अजून त्याचं नाव काढतात.

लाल_देऊळ

पुण्याहून. आम्ही हे सगळं टाळून शुद्ध शाकाहारी केटरर केला. जैन स्वयंपाक करणारा. मांस त्या भांड्यांत कधी शिजलेलंच नसतं, त्यामुळे अर्धी काळजी मिटते. पनीर, बासुंदी, आइस्क्रीम सगळं ठेवता आलं. कोशेर अगदी काटेकोर पाळणाऱ्यांसाठी भांड्यांचा प्रश्न राहतोच, त्यांच्यासाठी आम्ही नव्या भांड्यांत वेगळं शिजवून बंद डबे ठेवले होते.

मासे ठेवणार असाल तर पापलेट, रावस चालतील. कोलंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. हेही केटररला नाव घेऊनच सांगा, नाहीतर तो "स्टार्टरला कोलंबी फ्राय घालतो" म्हणून मोठ्या कौतुकाने सुचवतो.

टेंभीनाका

पनवेलच्या ताई, तुमचं वाचून यांनी लगेच चिकनला होकार दिला. दह्याचा किस्सा सासूबाईंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या, "मी स्वतः उभी राहीन कढईशी."

मलिद्याचं सांगा ना कुणीतरी.

रेवदंडा_आळी

मलिदा शनिवारी रात्रीच ठेवा. हव्दालानंतर.

कारण सांगतो. शब्बाथ संपला की एलियाहू हनबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, आठवण काढायची, त्याची गाणी म्हणायची, हे जगभरच्या यहुदी घरांत चालतं. आणि आपला मलिदा म्हणजे एलियाहू हनबीच्याच नावाचा. म्हणजे शनिवारची रात्र त्याच्यासाठी मुद्दाम शोधावी लागत नाही, ती त्याचीच आहे. आधी हव्दाला : मेणबत्ती, सुवास, द्राक्षांचा प्याला. मग हन्नुकाच्या दुसऱ्या रात्रीचे दोन दिवे, ते मुलाच्या हातून लावा. मग मलिद्याचं ताट आणि सगळ्यांनी मिळून "एलियाहू हनबी". अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं. त्यानंतर जेवण, मग पोरांना काय नाचायचं ते नाचू द्या.

हे हॉलवर सगळ्यांसमोर करा. घरी चार माणसांत उरकून हॉलवर नुसती पार्टी, असं करू नका. शेजारी, शाळेतली पोरं, ऑफिसचे लोक यांना आपलं काय असतं ते एरवी कधी बघायला मिळतं? माझ्या नातवाच्या वेळी त्याच्या वर्गातल्या पोरांनी ताटाभोवती गर्दी केली होती, आणि प्रत्येक फळाला वेगळी ब्राखा, म्हणजे आशीर्वाद, का म्हणतात ते तोच त्यांना समजावत होता. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. केळं कुठल्यात येतं यावर तर वाद झाला.

नौपाडेकर

मी यहुदी नाही, पण आमच्या मजल्यावरचं कुटुंब बेने इस्राएल होतं, आता ते इस्राएलला गेले. त्यांच्या मुलाच्या बार मित्झवाला आम्ही शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये गेलो होतो. पाहुण्यांच्या बाजूने काही लिहिते, कारण आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि अवघडल्यासारखं झालं.

सकाळी आहेराचं पाकीट घेऊन जायचं नसतं, त्या दिवशी पैशाला हात लावत नाहीत. मोबाइल खिशातच. पुरुषांना डोक्यावर टोपी लागते. बायका वेगळ्या बसतात. किती वेळ चालेल, मध्ये उठलं तर चालतं का, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ताई, पत्रिकेसोबत एक छोटा कागद द्या, मराठीत. काय होणार, केव्हा उभं राहायचं, मुलगा केव्हा वाचणार. आम्हाला तो मुलगा वाचत होता ते कळलंच नाही पटकन. त्याच्या आईने वरून गोळ्या फेकल्या तेव्हा समजलं.

आणि आहेर काय द्यायचा असतो?

अशदोदकर

नौपाडेकर ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. आहेराचं म्हणाल तर 18 च्या पटीत देण्याची पद्धत आहे, 18 हा आकडा आपल्यात आयुष्याचा मानतात. 180, 1800, जसं जमेल तसं. पण पुस्तक दिलंत तरी मुलगा जपून ठेवेल. फक्त शनिवारी रात्री द्या, सकाळी नाही.

कागदाबद्दल : आपल्याकडे हिब्रू आणि मराठी समोरासमोर छापलेली प्रार्थनेची पुस्तकं जुन्या काळापासून आहेत. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी कितीतरी प्रार्थना मराठीत आणल्या. घरात आजोबांची प्रत असेल तर त्यातूनच ब्राखांचं मराठी घ्या. नवं भाषांतर करायची गरज नाही, आणि त्या मराठीचा डौल आता कुणाला जमणार नाही.

पनवेलची_लेक

गोळ्यांवरून आठवलं. फेकायच्या गोळ्या मऊ आणि कागदात गुंडाळलेल्या घ्या, कडक पेपरमिंट डोळ्याला लागतात. जेलीच्या घेत असाल तर जिलेटिन नाही ना ते बघा. पाकिटावर हिरवा ठिपका असला की जिलेटिनची भीती नाही. आधी वरच्या गॅलरीत पिशव्या वाटून ठेवा, म्हणजे शनिवारी काही उचलून न्यायला नको. हफ्ताराची शेवटची ब्राखा संपल्यावरच फेकायच्या, हे बायकांना दोनदा सांगा. कुणीतरी घाई करतंच आणि पोरगा मध्येच थांबतो.

मलिद्याचं प्रमाण : एक किलो पोह्यांना दोन मोठे नारळ, साखर पाऊण किलोपेक्षा थोडी कमी, वेलची, बदाम, पिस्ते, बेदाणे. पोहे नुसते धुऊन निथळायचे, भिजवत ठेवायचे नाहीत, लगदा होतो. खोबरं ताजं, आणि ते शब्बाथला खवायचं नसल्यामुळे शुक्रवारी खवून फ्रिजमध्ये. रात्री सातनंतर दहा मिनिटांत कालवता येतं. वर पाच फळं, खजूर हवाच, आणि मधोमध गुलाब. दीडशे माणसांना वाटीभर नाही, प्रसादापुरता द्यायचा, त्या हिशोबाने तीन किलो पोहे पुष्कळ झाले.

किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या प्याल्यावरच्या आशीर्वादाला, विकतच्या वाइनपेक्षा काळ्या मनुकांचा शरबत करा. शुक्रवारी सकाळी मनुका धुऊन भिजत घाला, दुपारी हाताने कुस्करून फडक्यातून गाळा. सगळी मुलं पिऊ शकतात.

भायखळा_पूर्व

रेवदंडा काकांचा मान ठेवून एक सांगतो. हव्दाला, दिवे, मलिदा, भाषण, मग जेवण, असं ओळीने ठेवलंत तर साडेआठ वाजतील. मुलाचे मित्र तोपर्यंत कंटाळून मोबाइलवर असतील. आमच्याकडे हेच झालं. शेवटी डीजेला मोजून अर्धा तास मिळाला आणि मुलगा घरी येऊन रडला. पार्टी त्याची आहे, हे सगळेच विसरतात.

रेवदंडा_आळी

बाबा, तुझं पटतं. म्हणून भाषणं मोठ्यांची नकोतच. एकच भाषण, मुलाचं. मामा, काका, ट्रस्टी, कुणी माइक धरायचा नाही.

आणि संगीतच हवं असेल तर आणखी एक गोष्ट सुचवतो. आपल्या समाजात मराठी कीर्तनाची परंपरा होती. 1880 च्या सुमाराला बेने इस्राएलांनी अब्राहाम, योसेफ यांच्या चरित्रावर मराठी आख्यानं रचली, साकी-दिंडीच्या चालीत, हार्मोनियम-तबल्यासह. माझ्या आजोबांच्या तोंडून मी ऐकलीत. तुमच्या मुलाची पराशाच योसेफाची. समाजातल्या ज्या बायका अजून ही पदं गातात त्यांना बोलावून योसेफाची दोन-तीन पदं मलिद्यानंतर ठेवा. जेवण सुरू असताना गायली तर वेळही जात नाही. जुनं मागे ठेवून नवं करायचं, असं आपण सगळ्याच बाबतीत करत आलोय. निदान या एका रात्री तरी त्या पदांना जागा मिळू द्या. मला खरंच वाईट वाटतं की माझ्या नातवंडांना ती कधी ऐकायला मिळाली नाहीत.

भायखळा_पूर्व

काका, जेवणाच्या वेळी पदं ही कल्पना छान आहे. मला हे माहीतच नव्हतं. मग असं करा ताई : सातला हव्दाला, दिवे, मलिदा. पावणेआठला मुलाचं भाषण. लगेच जेवण आणि पदं. पावणेनऊ ते दहा पोरांचं राज्य. मुलांची पंगत पहिली बसवा, म्हणजे ती आधी मोकळी होतील.

लाल_देऊळ

मुलाचं भाषण मराठीत होऊ द्या. आमच्याकडे इंग्रजीत लिहून दिलं होतं, शाळेतल्या बाईंनी सुधारून. आजीला एक अक्षर कळलं नाही. ती पहिल्या रांगेत बसून फक्त त्याच्या तोंडाकडे बघत होती.

योसेफावर बोलायला तेरा वर्षांच्या मुलाकडे खूप असतं. भावांचा मत्सर, बापाने एकालाच झगा देणं, स्वप्न सांगावं की मनात ठेवावं. त्याला स्वतःला लिहू द्या, तुम्ही फक्त ऐका. धाकटा आहे म्हणालात ना? मग भावाबद्दल तर नक्कीच काहीतरी म्हणेल.

शिकवण्याबद्दल एक : हझानांच्या आवाजात मफ्तीर आणि हफ्तारा तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड करून घ्या. इंटरनेटवर सापडतं ते बहुतेक अश्कनाझी, म्हणजे युरोपीय यहुद्यांच्या, चालीत असतं. पोरं तेच पाठ करतात आणि मग तेव्यावर चाल वेगळी ऐकून गोंधळतात. आणि या वयात आवाज फुटतो. सूर खालचा धरायला आत्तापासून सांगा, डिसेंबरपर्यंत वरचा लागेलच असं नाही.

टेंभीनाका

वाचताना डोळ्यांत पाणी आलं हो. हझानांशी बोलणं झालं. 22 किस्लेव आणि 5 डिसेंबर, दोन्ही पक्कं. जखऱ्याचा हफ्तारा, गणना 7 चा मफ्तीर, आणि गुरुवारी योसेफाची स्वप्नं. मुलगा म्हणाला, "एवढं सगळं?" पण योसेफाची गोष्ट वाचायला लगेच बसला. भाषण मराठीत करायलाही तयार आहे, अट एकच, आधी कुणाला दाखवणार नाही.

डीजे पावणेनऊला. सासूबाईंनी मान्य केलं, पण पदं ठेवायची या बोलीवर. त्यांना दोन पदं स्वतःला येतात, हे आम्हाला आजच कळलं!

आता नणंदेच्या कुटुंबाला दुसऱ्या दिवशी कुठे न्यावं? रविवार आहे.

अशदोदकर

अलिबागजवळचं नवगाव! दुसरं काही मनातही आणू नका. इकडे जन्मलेल्या पोरांना आपल्या पूर्वजांची सात जोडपी आणि फुटलेलं जहाज ही गोष्ट ऐकून माहीत असते, पण तो किनारा पाहिलेला नसतो. नवगावचं जुनं दफनस्थान आणि तिथलं स्मारक, तिथून अलिबागजवळच्याच खंडाळ्याचा एलियाहू हनबीचा टापा, म्हणजे त्याच्या खुणेचा खडक, मग अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग. माझ्या भाच्याने टाप्यापाशी पोचल्यावर आपणहून "एलियाहू हनबी" म्हणायला सुरुवात केली, कुणी सांगावं लागलं नाही.

नौपाडेकर

6 डिसेंबर म्हणजे महापरिनिर्वाण दिन. दादरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, आदल्या दोन दिवसांपासूनच. अलिबागला गेटवेवरून बोटीने जायचं ठरवलंत तर मुंबईतून जावं लागेल. त्यापेक्षा ठाण्याहून थेट पनवेल-पेण-वडखळ रस्त्याने निघा. शनिवारी रात्री जे पाहुणे लोकलने परततील त्यांनाही दादरच्या गर्दीचं सांगून ठेवा. आणि ताई, बोलावलंत तर मी नक्की येईन, या वेळी सगळं कळेल मला.

टेंभीनाका

तुम्ही येणारच आहात, पत्ता कळवते. बाहेरच्या पाहुण्यांची नावं सुरक्षेसाठी सिनेगॉगच्या कमिटीला आधी द्यायची आहेत, तेव्हा पूर्ण नाव मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

पनवेलची_लेक

एक विचारायचं राहिलं, माझी मुलगी अकराची आहे. मुलींचं बारा पूर्ण झाल्यावर असतं. आमच्याकडे मुलींना तोरावर बोलावत नाहीत, पण मला तिच्यासाठी नीट काहीतरी करायचंय. कुणी केलंय का?

लाल_देऊळ

आम्ही केलं. रविवारी मलिदा ठेवला आणि मुलीने एस्तेर राणीवर मराठीत भाषण केलं. तिच्या मैत्रिणींनी पुरणपोळ्या लाटल्या, तेलातल्या. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते. यावर बोलायलाच हवं, मुलींचं फार वेळा जेवणावळीतच संपतं.

अशदोदकर

टेंभीनाका ताई, तेफिलीनचं काय केलंत? दुकानातून घाईने घेऊ नका. आतली चर्मपत्रं हाताने लिहिलेली आणि सोफेरने, म्हणजे धर्मलेख लिहिणाऱ्याने, तपासलेली हवीत, बाहेरून बघून कळत नाही. मुलाला महिनाभर आधी मिळाली तर रोज बांधायचा सराव होतो. आणि मुलगा डावखुरा तर नाही ना? डावखुऱ्यांसाठी गाठ वेगळी असते, ते उजव्या दंडावर बांधतात.

टेंभीनाका

डावखुराच आहे! आम्ही यांच्या वडिलांचीच द्यायची म्हणत होतो.

अशदोदकर

आजोबांची अवश्य वापरा, पण आधी सोफेरकडून तपासून घ्या आणि गाठ बदलून घ्या. हे काम इकडे एक-दोन दिवसांत होतं. तुमची नणंद ऑक्टोबरात कुणाबरोबर पाठवू शकत असेल तर ठीक. नाहीतर मी आपल्या नव्या वर्षाच्या सणांनंतर मुंबईला येतोय आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार आहे. माझा भाऊ त्याच महिन्याच्या मध्यावर भारतात येतो. आजोबांचे तेफिलीन माझ्याकडे द्या, भावाबरोबर परत पाठवतो. सरावाला दोन आठवडे मिळतील. तोपर्यंत मुलाला हझानांच्या जोडीने उजव्या हातावर पट्टा गुंडाळायला शिकवा.

टेंभीनाका

दादा, चालेल. निरोप पाठवलाय.